चाचांच्या हाताला लावलेला बोल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी सांगून टाकते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, चाचांना ओळखत नाही — तेवढंच कारण असेल.

कोल्हापुरात शाहूपुरीत लग्नपत्रिका छापायचं एक दुकान आहे. तिथं मी संगणकावर पत्रिका जुळवते. मालक अण्णा, जैन घरातले, मनानं चांगले. पण साधं 'चहा घ्या' म्हणाले तरी भांडण लागलंय असं वाटतं. आणि दस्तगीरचाचा. चाचांचं तरुणपण जुन्या छापखान्यांत शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, हातानं जुळवण्यात गेलं. ते छापखाने बंद पडल्यावर पंचावन्नाव्या वर्षी ते संगणक शिकले. मीच शिकवला. माऊस धरायचा कसा, इथपासून. एकच मशीन होतं, सकाळी चाचा बसायचे, दुपारनंतर मी.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळं. मला वाटलं, पडद्यावरही काहीतरी पाहिजे. मग मी इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवला — मशीन सुरू झालं की घंटा वाजायची, आणि मागचं देवीचं चित्र दर दहा मिनिटांनी बदलायचं. कोपऱ्यात पंचांग. अण्णा एकदम खूश. "पोरगी हुशार हाय," म्हणाले. मी दिवसभर हवेत होते, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर लग्नसराई लागली आणि मशीन मरगळलं. बटण दाबावं, समोरच्या गाडीवर जाऊन चहा प्यावा, परत यावं — तरी काही उघडलेलं नसायचं. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, अकरा मिनिटं. वीज गेली की परत अकरा. पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेली माणसं बाकावर ताटकळायची आणि अण्णांचा पारा चढायचा.

एके सकाळी अण्णांनी मला विचारलं, असं का होतंय. चाचा तिथंच बसले होते. मला खरंच तेव्हा माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणायचं कसं? कोर्स केलेली मी. तोंडातून निघून गेलं — "भिंतीवरच्या बटणावरनं मशीन बंद केलं की होतं असं कधीकधी."

ती सवय चाचांची होती. पहिल्या महिन्यातली. मी सांगितल्यावर त्यांनी ती कधीच सोडली होती, हे मला माहीत होतं. अण्णांना नव्हतं. चाचा एवढंच म्हणाले, "माझ्याच हातनं कायतरी झालं आसंल."

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, बोलून गेली. मलाही इथंच थांबायला आवडलं असतं. मनाशी मी कितीदा इथंच थांबलेय.

पण पुढचा शुक्रवार आहे ना.

चाचा नमाजाला गेले होते, अण्णा जेवायला. मी एकटी. मशीन सुरू झाल्याबरोबर कोणते प्रोग्रॅम आपोआप चालू होतात, त्याची यादी उघडून बसले. एकेक वाचत गेले. माझा घंटेचा प्रोग्रॅम तिथं होताच, शिवाय येताना त्यानं आपली तीन-चार भावंडंही आणली होती. सगळी मिळून मशीनच्या उरावर बसलेली. मी ती बंद केली आणि मशीन परत सुरू केलं. एका मिनिटाच्या आत सगळं समोर. घंटा नाही, देवी नाही, काम करायला तयार.

तेव्हा काय करायला हवं होतं? अण्णा आल्यावर सांगायचं — माझंच चुकलं, चाचांचा काही संबंध नाही. दोन वाक्यं. अण्णा ओरडले असते, संध्याकाळी विसरले असते.

मी ती यादी परत उघडली. बंद केलेलं सगळं एकेक करून पुन्हा चालू केलं. घंटा, भावंडं, सगळं. अण्णा आले तेव्हा मशीन पुन्हा अकरा मिनिटं घेत होतं आणि मी कपाळाला हात लावून बसले होते.

भीती? होती की. पण नुसती भीती असती तर मी गुपचूप दुरुस्त करून गप्प बसले असते, चाचाही वाचले असते. खरं सांगू? त्याच आठवड्यात एक बाई लेकीच्या पत्रिकेसाठी आल्या होत्या. मी केलेली पत्रिका त्यांनी बघितली, छान आहे म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या. "चाचा येईस्तवर थांबते," म्हणाल्या. असं बरेचजण करायचे. कुठलं अक्षर कुठं सैल सोडायचं, नवरीचं नाव किती ठळक घ्यायचं, हे चाचांच्या डोळ्यांत होतं. ते मी कोर्समध्ये शिकले नव्हते, आणि माझ्याकडून शिकलेला माणूस माझ्या पुढं गेला होता. माझा जळफळाट व्हायचा. तो शुक्रवार त्या जळफळाटाचा होता.

सोमवारी अण्णांनी चाचांना उठवलं. "चाचा, तुमी टेबलावर बसा. मशीन पोरीकडं ऱ्हाऊ दे." टेबलावर म्हणजे छापून आलेल्या पत्रिकांना घड्या घालायच्या, गोंडे बांधायचे. चाचा उठले. आपली चष्म्याची डबी तेवढी घेतली.

दोन दिवस मी थांबले. हिशेबानं थांबले, तेही सांगते. मग तो प्रोग्रॅम कायमचा काढून टाकला. अण्णा सगळ्या दुकानाला ऐकवत म्हणाले, "बघा की, चाचा उठल्यापास्नं मशीन कसं पळायलंय." चाचा गोंडा बांधत होते. त्यांनी मान हलवली. अण्णांचं त्यांना पटलं होतं.

त्यानंतर चाचांनी मशीनला हात लावला नाही. वर्षभर घड्या घातल्या आणि घरी बसले. घरी मोबाईलसुद्धा स्वतः लावत नाहीत म्हणे, नात लावून देते. यंत्र आपल्या हाताला मानवत नाही, असं सांगतात सगळ्यांना.

गेल्या महिन्यात त्याच नातीचं लग्न ठरलं म्हणून ते दुकानात आले. सोबत नवऱ्या मुलाचे वडील होते. मी पत्रिका जुळवायला घेतली. नवरीच्या नावापाशी अडले, काही केल्या ते नीट बसेना. मी खुर्ची सोडली, म्हटलं, चाचा, तुम्हीच बसा ना. त्यांची नजर त्या नावावर खिळली होती, कुठं चुकतंय ते त्यांना दिसत होतं, हे मला कळत होतं. पण ते एक पाऊल मागं सरकले. "नको बाई. माझा हात लागला की बिघडतंय त्ये."

दुकानात आम्ही तिघंच होतो. सांगायला अडचण काहीच नव्हती.

मग चाचा व्याह्यांकडं वळले आणि अभिमानानं म्हणाले, "ही पोरगी व्हती म्हणून दुकान वाचलं, पावणं. मी मशीन पार बिघडवून ठेवलतं."

व्याह्यांनी मला हात जोडले. मी म्हणाले, "असू द्या हो, चाचा." दोघांनाही वाटलं, किती साधी बाई आहे.