जतला नेलेला सत्कार

कॉलेजात खेळणाऱ्या पोरापोरींना खेळण्याचे पैसे द्यावेत का, हा विषय सांगलीत कुणापुढंही काढा, अर्ध्या तासाचं व्याख्यान फुकटात मिळतं. खेळ पवित्र असतो, पैसा शिरला की तो नासतो, वगैरे. ऐकताना माझं डोकं फिरतं. बोलणाऱ्याचे गुडघे बहुधा कधी मैदानावर सोललेले नसतात. मी कॉलेजची सगळी वर्षं कबड्डी खेळले, शेवटी कप्तान होते, आणि हेच व्याख्यान मीही तेव्हा मान डोलवत ऐकायची, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या संघात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. जी ज्या गावची, ते गावच तिचं नाव. मी रहिमतपूर. डावा कोपरा सांभाळायची ती शिराळा. गावच्या प्रसिद्ध नागपंचमीवरून तिला छेडलं नाही असा दिवस जात नसे. आणि चढाईला जायची ती जत.

जत उंच, काटक आणि बोलायला कंजूष. घरात मेंढरं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन पश्चिमेला उतरायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. चढाईला गेली की ती घाई करत नसे. मधल्या रेषेच्या पलीकडं जरा वेळ नुसती उभी राहायची. समोरच्यांना वाटायचं, ही घाबरली. तोवर कुणाला तरी शिवून ती परत आलेली असायची. तिच्या जिवावर आम्ही विद्यापीठाची स्पर्धा जिंकलो. कॉलेजनं प्रवेशाच्या फ्लेक्सवर तिचाच फोटो छापला, एका पायावर झेपावलेली, वेणी हवेत. फ्लेक्स छापणाऱ्याला पैसे मिळाले, खांबावर चढून तो बांधणाऱ्यालाही मिळाले. जतला ट्रॅकसूट मिळाला, तोही पायात आखूड.

एकदा सराव संपल्यावर ती माझ्याशेजारी बसून राहिली. बाकीच्या गेल्यावर तिनं घरचं सांगितलं. घर एकत्र, कारभार थोरल्या चुलत्यांचा. चुलत बहीण द्राक्षबागेत विरळणीला जायची आणि संध्याकाळी हजेरीचे पैसे आणून त्यांच्या हातात द्यायची. हिच्याकडून काहीच येत नव्हतं. फी माफ आहे म्हटलं की चुलते विचारायचे, मग घरात काय आलं? माणूस वाईट नव्हता. घर चालवणाऱ्याचा तो साधा हिशोब होता. वडलांचं मन तिनं खेळावं असंच होतं, पण ते सहा-सहा महिने रानात, आणि थोरल्या भावापुढं त्यांच्याकडं दाखवायला काही नव्हतं. पुढच्या वर्षी तिला कॉलेजातून काढून लग्न लावायचं, असं घरात चाललं होतं.

"सरांना इचार की, महिन्याला काय तरी देतील का," ती म्हणाली. "कितीबी असू दे. मला खर्चाला नको गं. घरात दावायला पायजे."

माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले. घरात पेन्शन, थोडा ऊस. खेळाचे पैसे मागायचे म्हणजे मला भीक मागितल्यासारखं वाटत होतं. तरी मी सरांकडं गेले. आमचे खेळाचे सर स्वतःच्या खिशातून आम्हाला केळी आणि अंडी आणायचे, त्यामुळं त्यांच्याबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण एक सांगायलाच हवं. तरुणपणी ते एका कारखान्याच्या संघातून खेळले होते आणि त्या खेळावरच त्यांना तिथं नोकरी लागली होती. हे ते स्वतःच रंगवून सांगायचे. माझं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खेळाडूला मान द्यायचा असतो, मजुरी नव्हे," ते म्हणाले. आणि लगेच त्यांना एक कल्पना सुचली. आपण सगळ्यांनी जतला, तिच्या गावी जायचं आणि तिच्या वडलांचा दारात सत्कार करायचा. पोरगी काय चीज आहे ते गावाला कळलं की चुलत्यांचं तोंड आपोआप बंद होईल.

आम्हाला हे एवढं आवडलं की विचारू नका. आपल्याकडं कुणाचं काही भलं करायचं म्हटलं की शाल, नारळ आणि फेटा याच्या पुढं डोकं चालत नाही. मला तर पैशांचा विषय मागं पडला याचंच हायसं वाटलं. जत मात्र पाण्याची बाटली भरायला निघून गेली.

गाडी भाड्यानं केली. प्राचार्य आले, शाली आल्या, स्मृतिचिन्ह आलं. जतजवळच्या त्यांच्या वाडीत पाण्याचा टँकर नुकताच लागला होता, तरी बायका घागरी ठेवून बघायला आल्या. वडील कळप दुसऱ्याच्या हवाली करून मुद्दाम आले होते. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. फेटा बांधायला सरांनी मला पुढं केलं. वडलांनी डोक्यावरचा पांढरा पटका काढला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून मांडीवरच धरून ठेवला. मी भगवा फेटा बांधला, तुरा काढला. प्राचार्य भरपूर बोलले. मग दोन शब्द बोला म्हणून वडलांना उभं केलं. त्यांनी सरांकडं बघितलं, तोंड उघडलं, थांबले, आणि नुसते हात जोडून खाली बसले. बिचारे भारावून गेले, असं म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी आमच्यासाठी बकरं कापलं होतं. चुलत्यांनी स्वतः आग्रह करकरून वाढलं. परतताना गाडीत आम्ही गाणी म्हणत आलो.

फोटो मोबाइलवरून सगळ्या तालुक्यात फिरले. त्यावरूनच एक स्थळ चालून आलं. मुलगा फौजेत, घर चांगलं, आणि मागणी त्यांच्याकडून. चुलते म्हणाले, एवढा मान पुन्हा मिळणार नाही, आता मानानंच पोरगी उजवून टाकू. तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं की ठरलं. मी चिडले, तिच्यावरच ओरडले, तू नाही म्हण म्हणाले. भाकरी करायच्या आहेत म्हणून तिनं फोन ठेवला.

लग्नाला आम्ही सगळा संघ गेलो. सर आहेर म्हणून भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले होते. मांडवाबाहेर पाण्याच्या पिंपापाशी तिच्या वडलांनी मला ओळखलं आणि बाजूला घेतलं.

"पोरी, त्या दिशी मी सरांस्नी एक सांगणार हुतो," ते म्हणाले. "महिन्याला काय तरी द्या म्हणणार हुतो. लय न्हाई, भावाम्होरं दावण्यापुरतं. म्हंजे मी तिला खेळत ठिवली असती."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"तुमी फेटा बांधलासा की," ते म्हणाले. "फेटा बांधलेल्या माणसानं हात कसा पसरायचा?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यात अक्षतांसाठी हाक आली आणि ते लगबगीनं आत गेले. मी मागनं गेले, गर्दीत उभी राहिले. अंतरपाटामागं ती मान खाली घालून उभी होती. गाडीचं भाडं, शाली, स्मृतिचिन्ह, ते फ्लेक्स, सगळ्याला कॉलेजकडं पैसे निघाले होते. बाप आणि लेक दोघांनाही एकच गोष्ट मागायची होती, ती फार मोठी नव्हती, आणि देणारी माणसं त्यांच्या दारात येऊन जेवून गेली होती. माझ्या मुठीतल्या अक्षता पहिल्या मंगलाष्टकाला टाकायच्या राहूनच गेल्या. शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं तेव्हा मी टाकल्या.