लाटायचं यंत्र

मी काय शिकते हे आईनं अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. "पोरगी नांदेडला लाटायच्या यंत्राचं शिकायली." चाकूरजवळच्या आमच्या गावात भाकरी थापतात आणि पोळी लाटतात. त्यामुळं सुट्टीत घरी आले की शेजारच्या काकू हमखास विचारायच्या, "पुरणपोळीला चालतं का गं ते?"

"काकू, समुद्राच्या लाटा! लाटांवर यंत्रं डुलतात, त्यातनं वीज होते!" मी कावून ओरडायचे.

"हाव, पण पुरण बाहेर येतं का?"

डोकंच उठायचं माझं. त्यात मला कोकणात, किनाऱ्यावर नोकरी लागली आणि माझे वडील, अप्पा, अडून बसले. "हितं टँकरची वाट बघून मान दुखाय लागली, अन् हिला दर्या पायजे! नांदेडलाच कायतर बघ." मला तर जायचंच होतं. मी आठवडाभर रुसून बसले, तेव्हा कुठं अप्पा म्हणाले, "तुझं ते यंत्र दाखव मला. पटलं तर जा, न्हाई तर न्हाई."

आता समुद्र कुठून आणू? आमचं शेततळं होतं. तेलाचे रिकामे कॅन दोरीला दगड बांधून एकामागं एक, जवळजवळ सोडले. अप्पा काठावर बसून फळीनं पाणी ढकलायला लागले. पुढचा कॅन झकास नाचला. मागचे ढिम्म.

"बघा, पुढचं यंत्र मागच्याची लाट लाटतं."

"म्हंजी तुझ्या धाकल्या काकावानी. बांध कोरून कोरून आपलं रान लाटलं त्यानं." स्वतःच्याच बोलण्यावर अप्पा खो खो हसले.

"पण यंत्र हललं की त्याच्याही लाटा उठतात. मधी नेमकं अंतर ठेवलं तर त्या मागच्याला जाऊन मिळतात, आणि एकटं हललं असतं त्याहून ते जास्त हलतं."

माझा सगळा अभ्यास एवढाच होता. कॅन लांब लांब मांडले. फळी हलली. मागचा कॅन काही केल्या जास्त हलेना. तळं केवढंसं, लाटा काठावर आपटून माघारी यायच्या आणि सगळा नुसता काला. गेली नोकरी, म्हटलं. रडूच आलं मला.

अप्पांनी फळी बाजूला ठेवली आणि त्या कॅनकडं बघितलं. "हाललं की," म्हणाले.

"कुठं हाललं अप्पा?"

"तुला चष्मा हाय, मला न्हाई. हाललं म्हणलं न्हवं!"

निघायच्या दिवशी चाकूरच्या स्टँडवर माझी बॅग गाडीत चढवताना त्यांनी विचारलं, "मधलं अंतर लईच झालं तर?"

"मग एकाची लाट दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही."

"कोकण तेवढं लांब न्हाई," अप्पा म्हणाले आणि खाली उतरले.

गाडी हलली तशी मला राहवेना. खिडकीतनं डोकं काढून ओरडले, "अप्पा, ते हाललं नव्हतं!"

"ठावं हाय मला," ते खालून म्हणाले. "डोकं आत घे."