चामराजपेटेतली तोंडी परीक्षा

पहाटे बेंगळूरुला उतरले तेव्हा शहर झेंडूत बुडालेलं होतं. खंडेनवमी होती, इथे तिला आयुधपूजा म्हणतात. माझ्या रिक्षेला दोन्हीकडे केळीचे खुंट आणि पुढच्या काचेवर एवढा हार, की चालकाला रस्ता दिसत होता की तो अंदाजाने चालला होता, देव जाणे. सिग्नलला त्याने करकचून ब्रेक लावला. रिक्षा थांबली, मी नाही थांबले. कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. ‘‘स्वल्प गट्टी हिडकोळ्ळी, अक्का’’ (जरा घट्ट धरून बसा), तो म्हणाला. मिरजेच्या शाळेत जन्मभर गतीचे नियम शिकवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं.

मी परीक्षक म्हणून आले होते. माझा चुलतभाऊ श्रीपाद चामराजपेटेत राहतो. त्याचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे की त्यांच्या मराठीत दर वाक्याला एक कानडी शब्द सापडतो. त्याच्या जान्हवीला दहावीनंतर सायन्स घ्यायचं होतं. श्रीपादचं म्हणणं, पोरगी नुसती घोकते, पुढे तोंडघशी पडेल. शेवटी आत्याने तोंडी परीक्षा घ्यावी आणि ती म्हणेल ते दोघांनी ऐकावं, असं बापलेकीत ठरलं.

चित्रान्न (फोडणीचा लिंबूभात) खाऊन आम्ही बसलो. जान्हवीने तिन्ही नियम इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवले. ‘‘आता तुझ्या शब्दांत सांग,’’ मी म्हटलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. श्रीपादने ‘बघ, सांगितलं नव्हतं?’ अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मनातून मी तिला नापास करून टाकलं होतं. फार वाईट वाटलं.

मग गाड्यांची पूजा. इथली रीत अशी की गाडीवरून कोहळा ओवाळायचा आणि समोरच्या रस्त्यावर फोडायचा. उतारावरच्या त्या गल्लीत घरोघरी कोहळे फुटले. गर, पाणी, कुंकू, सगळा राडा. श्रीपाद स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकला. तेवढ्यात जान्हवी समोरच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू घेऊन आली आणि आमच्या कोहळ्यावर पसरू लागली.

‘‘ए, दृष्ट काढलेलं तुडवायचं नाही! एवढंही कळत नाही की काय तुला?’’ श्रीपाद कडाडला.

तिने जाऊन दुसरं घमेलं आणलं. श्रीपाद लाल झाला. आता सायन्सचं नाव काढायची सोय नव्हती.

तोच वरून शेजारचे मंजण्णा हार घातलेल्या मोटरसायकलवरून आले. माणसं बघून त्यांनी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी मात्र कोहळ्यांवरून घसरत सरळ श्रीपादकडे निघाली. वाळूवर आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. श्रीपाद लिंबू हातात घेऊन तसाच उकिडवा.

परीक्षा मी तिथेच सुरू केली. ‘‘ब्रेक लावला होता ना? मग थांबली का नाही?’’

‘‘ब्रेक चाकाला थांबवतो, आत्या. गाडीला रस्ता थांबवतो. मध्ये कोहळा आला की रस्त्याचा जोर पोचत नाही, मग गाडी चालली तशीच जात राहते. वाळूवर जोर जास्त लागला, म्हणून वेग पटकन उतरला.’’

‘‘आणि गाडी निघते कशी?’’

‘‘चाक रस्त्याला मागं ढकलतं, रस्ता चाकाला पुढं. रस्ता निसरडा असला तर चाक नुसतंच फिरतं.’’

‘‘पास,’’ मी म्हटलं.

श्रीपादने लिंबू खाली ठेवलं. ‘‘सरी,’’ (बरं) एवढंच म्हणाला, आणि आत जाऊन कितीतरी वेळ पाणी पीत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची कडलेपुरी (चुरमुरे-डाळं) बांधून देऊन जान्हवी मला बसपर्यंत पोचवायला आली. बस सुटता सुटता खिडकीशी येऊन तिने हळूच विचारलं, ‘‘आत्या, मी वाळू टाकली म्हणून अप्पांना काही होणार नाही ना?’’

‘‘काही होत नाही,’’ मी म्हटलं.  म्हणजे दृष्ट तुडवायची भीती तिलाही होती, बापापेक्षा जास्तच असेल. आणि ती पोटात घेऊन पोर दुसऱ्यांदा वाळू आणायला गेली होती. मिरज येईपर्यंत मनात तेवढंच होतं. अशी पोरगी सायन्सला जाणार नाही, तर कोण जाणार?