ऐकू येतंय ना?

पास्कलचा फोन आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. पास्कल हा भाईंदरजवळच्या उत्तन कोळीवाड्यातला रिक्षावाला. विश्रामभाऊ आमदार झाले तेव्हापासून त्यांचा भोंगा याच्याच रिक्षावर बांधलेला असायचा. एरवी फोनवर आधी मासळीचा भाव, मग पोरांची शाळा, आणि मग कामाचं, असा त्याचा क्रम. त्या सकाळी एवढंच म्हणाला, "बाय, भाऊ गेलं." मी "बरं" म्हणाले. असल्या वेळी माणसाच्या तोंडून काहीतरी मूर्खासारखंच निघतं. चहा उतू गेला, तो पुसला, आणि ओटा पुसता पुसताच मला रडू कोसळलं.

दुपारी अंत्ययात्रेला निघाले तर नाक्यावर फ्लेक्स लागलेलासुद्धा. आमच्या कार्यकर्त्यांना एरवी एक खुर्ची हलवायला सांगा, संध्याकाळ होते. पण फ्लेक्स मात्र मढं घराबाहेर पडायच्या आत तयार. भाऊंचा हसरा फोटो, हात जोडलेले, खाली पंधरा-वीस लोकांचे गॉगल घातलेले चेहरे, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत, 'उत्तनच्या शीतगृहाचे शिल्पकार'. मी तिथंच थांबले. उन्हात, भर रस्त्यात. कारण हे खोटं होतं. उत्तनचं मासळीचं शीतगृह भाऊंनी बांधलं नाही. ते त्यांना जमलं नाही, आणि जमलं नाही हे त्यांनी स्वतः, स्वतःच्या आवाजात, घरोघर ऐकू जाईल असं सांगितलं होतं. त्या सांगण्यापायी ते निवडणुकीत पडले. ज्या कामात त्यांची खरी किंमत दिसली, नेमकं तेच पोरांनी उलटं करून टांगलं होतं. म्हणून हे लिहायला बसलेय. त्यांच्या संपर्क कार्यालयाचा कारभार मी बघत होते, तेव्हा हे मीच लिहायला हवं.

भाऊ मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आधी पॉलिशला आणि मग सुपरवायझर. आमच्याच चाळीत राहायचे. तेव्हा चाळीला पाणी टँकरचं. पहाटेपासून हंडे रांगेत लावून बायका बसायच्या. टँकर येणार नसला तरी कुणी तसं सांगायचं नाही, कारण सांगणाऱ्याला शिव्या पडायच्या. चाळीचा सेक्रेटरी तर अशा दिवशी संडासात जाऊन बसायचा. भाऊ मात्र डेपोवर जाऊन विचारून यायचे आणि ताटलीवर पळी बडवत रांगेतून फिरायचे. "आज टँकर नाही. ऐकू येतंय ना? आज नाही येणार!" बायका त्यांनाच बोल लावायच्या. माझी आईसुद्धा म्हणायची, "मेल्याच्या तोंडात एकदा तरी साखर पडू दे." पण बोलून झालं की हंडे उचलून सगळ्या कामाला लागायच्या. कुणाची कंपनीतली पाळी बुडायची नाही, कुणाची शाळा चुकायची नाही. पुढे भाऊ आमदार झाले तेव्हा त्यांच्याकडे राजकारणाचं म्हणून जे काही भांडवल होतं ते एवढंच. लोकांना नाही म्हटलेलं चालतं, ताटकळत ठेवलेलं चालत नाही.

कार्यालय उघडलं तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घातला. चांगली बातमी कुणीही सांगा. रस्ता मंजूर झाला, दिवे आले, खुशाल पेढे वाटा, फोटो काढा. वाईट बातमी मात्र मी सांगणार. मग आतल्या खोलीत रेकॉर्डिंग चालायचं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. मे महिन्यातसुद्धा. मी बटण दाबायची आणि पदरानं वारा घ्यायची. आवाज काही फार गोड नव्हता हो त्यांचा, थोडा नाकातलाच. "नमस्कार, मी विश्राम बोलतोय. ऐकू येतंय ना?" असं म्हणून ते थांबायचे. चांगला मोठा श्वास घेण्याइतके. मी एकदा म्हटलं, "भाऊ, हे रेकॉर्डिंग आहे. लोकांनी उत्तर दिलं तरी तुम्हाला कुठे ऐकू येणारेय? ही मधली जागा कापू का?"

"नको. उत्तराला जागा ठेव," ते म्हणाले. "आपण विचारलंय, एवढं तरी त्यांना कळू दे."

आणि लोक खरंच उत्तर द्यायचे! राई गावात खाडीकडच्या घरांतून, इकडे बिल्डिंगांच्या गॅलऱ्यांतून, थट्टेनं का होईना, "येतंय, भाऊ, येतंय!" असा ओरडा व्हायचा. मग भोंग्यातून पुढची बातमी, उद्या पाणी नाही, किंवा बस बंद, किंवा नळाचं काम पुढे ढकललं, माफी असावी. मीरा रोडसाठी हिंदी रेकॉर्डिंग वेगळं. त्यांचं हिंदी म्हणजे आमच्या कार्यालयाची करमणूक. "कल पानी नहीं आएगा, आज ही हंडा-बादली भरके ठेवो." मी हसून हसून बटण दाबायची विसरायची. ते म्हणायचे, "हस तू. पण बादली भरली की नाही लोकांनी?" भरलेली असायची.

वर्षाच्या शेवटी सगळेच आमदार गुळगुळीत कागदावर कार्य अहवाल काढतात, आम्हीही काढायचो. त्यात शेवटचं पान 'राहिलेली कामं' म्हणून असायचं आणि त्यावरून दरवर्षी कार्यकर्त्यांचे नि भाऊंचे खटके उडायचे. विधिमंडळाच्या कामकाजात त्यांचे प्रश्न छापलेले आहेत, मंत्र्यांची आश्वासनं छापलेली आहेत. ज्याला बघायचंय त्याला बघता येतं. पण त्या आश्वासनांचं पुढे काय झालं आणि त्याची माफी कुणी मागितली, हे कुठे छापतात?

शीतगृहाचं आश्वासन असंच होतं. उत्तनच्या बायकांना बर्फ वेळेवर मिळायचा नाही, मासळी नरम पडायची आणि व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावी लागायची. भाऊंनी सभागृहात प्रश्न लावून धरला, मंत्री 'करू' म्हणाले, जागाही बघून झाली. उत्तन खूश होतं. मग इलेक्शन तोंडावर आलं असताना फाईल परत आली. यंदा नाही, आणि पुढचंही सांगता येत नाही. कार्यकर्ते हातापाया पडले. "भाऊ, मतदान होऊ दे. मग सांगा की! कोण मरतंय का त्याच्याशिवाय?" मीसुद्धा त्यांच्याच बाजूची होते. भाऊ शांतपणे म्हणाले, "उत्तनवाल्यांनी मासळीच्या ट्रेचे पैसे जमवायला घेतलेत, सुलभा. शीतगृह येणार म्हणून. मी गप्प बसलो तर ते आणखी जमवतील."

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तनला गेलो. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील टांगलेले, बायका बर्फाच्या गाडीची वाट बघत बसलेल्या. पास्कलनं रिक्षा उभी केली आणि भोंगा चालू केला. "मी विश्राम बोलतोय. ऐकू येतंय ना?" बायकांनी हसत होकार दिला. त्यानंतर जे ऐकलं त्यावर कुणी हसलं नाही. भाऊ रिक्षातून उतरून त्यांच्यात जाऊन उभे राहिले. फिलूआजी म्हणून एक म्हातारी होती, ती उठून त्यांच्या अंगावरच गेली. "तर मंग कशाला बोलला होतास? आमी काय तुज्या दारात आलो होतो मांगाला? आता न्हाय म्हनतोस!" भाऊ मान खाली घालून उभे. "चुकलं, आजी," एवढंच म्हणाले. म्हातारी बराच वेळ बोलत राहिली आणि ते ऐकत राहिले. निघताना तिनंच बोंबलांची एक जुडी रिक्षात टाकली. मत मात्र दिलं नाही, हे तिनं नंतर मला तोंडावर सांगितलं. उत्तनमध्ये भाऊ पडले आणि म्हणून एकंदरच पडले. शीतगृह पुढे बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्यांच्या काळात झालं. उद्घाटनाला भाऊ मागे खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते.

पडल्यावरही लोक यायचेच. मुलाची ॲडमिशन, रेशन कार्ड, पेन्शनचा अर्ज. कार्यालय त्यांच्या घराच्या ओट्यावर आलं, बाकी काही बदललं नाही. आणि मग गेल्या वर्षी पोटात दुखायला लागलं...

शैलावहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरांनी मुलाला आणि त्यांना बोलावून सांगितलं होतं, फार काही करता येणार नाही. "पण यांना कळता कामा नये हं, सुलभा. पित्ताचा त्रास आहे असं सांगितलंय." मी मान हलवली. आपल्याकडे हे असंच करतात. माझ्या वडलांच्या वेळी आम्हीही हेच केलं होतं. येणारा-जाणारा म्हणायचा, "भाऊ, तजेला आलाय की चेहऱ्यावर!" तजेला कुठला, नुसती हाडं उरली होती. भाऊ सगळ्यांना "हो, बरं वाटतंय" म्हणायचे आणि ओट्याकडे बघत बसायचे. ओट्यावर लोकांच्या अर्जांचा गठ्ठा तसाच पडलेला असायचा. "जरा बरा झालो की मंत्रालयात जाऊन येतो," असं ते प्रत्येकाला सांगत होते, आणि लोक थांबत होते.

एका दुपारी मी मोसंबं सोलत शेजारी बसले होते. वहिनी दारात निवडण घेऊन. भाऊ एकदम म्हणाले, "सुलभा, माझी फाईल कुठे अडकलीय?"

मला वाटलं, कुठल्यातरी अर्जाचं विचारतायत. "कुठली, भाऊ?"

"माझी गं. डॉक्टरकडे गेलेली." ते माझ्याकडे बघत होते. "कुणी काही बोलत नाहीये. टँकर येणारेय की नाही?"

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं होतं. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "वहिनी, आपण त्यांना रांगेत बसवून ठेवलंय. मी सांगू का?" त्या उठल्या. मग पदरानं हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. "नको. माझ्या घरातली वाईट बातमी आहे," त्या म्हणाल्या, "मीच सांगते." आणि पलंगावर जाऊन बसल्या. आयुष्यात चारचौघांत कधी नवऱ्याशी मोठ्यानं न बोललेली बाई. त्यांनी आजाराचं नाव घेतलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, काही लपवलं नाही, आणि शेवटी विचारलं, "ऐकू येतंय ना हो?"

भाऊंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "ऐकू आलं गं," ते म्हणाले. "बरं झालं तू सांगितलंस." मी मोसंब्याची ताटली घेऊन बाहेर आले. मला तिथं थांबवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला रेकॉर्डिंगला बोलावलं. आता मशीन नव्हतं, वहिनींचाच मोबाईल होता. सवयीनं मी पंखा बंद केला. धाप लागत होती, दोनदा थांबावं लागलं. "नमस्कार, मी विश्राम बोलतोय. ऐकू येतंय ना?" ...आणि नेहमीची जागा सोडून, "मी आता बरा होणार नाही. ज्यांची कामं माझ्याकडे राहिलीत त्यांनी माझी वाट बघू नये. सुलभाकडून कागद परत घ्या आणि दुसरीकडे द्या. माझ्याकडून झालं नाही, माफी असावी." पास्कलनं ते त्याच आठवड्यात राईपासून उत्तनपलीकडच्या चौक गावापर्यंत फिरवलं. रिक्षा चालवताना रडत होता म्हणे. लोक आले. ओट्याखाली चपलांचा ढीग झाला. कागद न्यायला आलेले बहुतेक जण कागद न घेताच बसून राहिले, त्यांना मीच दटावून कागद हातात दिले. भाऊंनी सांगितलंय, घ्या आणि कामाला लागा! फिलूआजीची सून उत्तनहून सुकट घेऊन आली. म्हातारी केव्हाच वारली होती. भाऊंना खाणं जात नव्हतं, त्यांनी नुसता वास घेतला आणि हसले. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

फ्लेक्सचं मी पोरांना सांगून बघितलं. "ताई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं," असं मलाच शिकवलं त्यांनी. मी म्हटलं, अरे, त्याहून चांगलं तुम्हाला सापडत नसेल तर कोरा लावा. लावला नाही. आता उन्हानं अक्षरं विटलीत, एका बाजूची दोरीही सुटलीय. पालिकेच्या सूचना पास्कलच अजून फिरवतो, पण आवाज कुणातरी भाड्यानं आणलेल्या माणसाचा असतो. छान गोड आवाज, मागे संगीत. कुणाला काही न विचारता तो सांगून मोकळा होतो.

परवा संध्याकाळी वहिनींकडे गेले होते. दार लोटलेलं, आत दिवा लावायचा होता. वहिनी भाऊंच्या पलंगावर मोबाईल घेऊन बसल्या होत्या. मी आल्याचं त्यांना कळलं नाही. मोबाईलमधून तोच नाकातला आवाज आला, "नमस्कार, मी विश्राम बोलतोय. ऐकू येतंय ना?" आणि मग ती मधली जागा. तेव्हा कापू का म्हणून मी विचारलेली.

"येतंय हो," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी तिथंच बंद केलं. पुढचं त्या ऐकत नाहीत.