कळव्याच्या घरातला अबोला

दिव्यातल्या केंद्रात मी कामाला लागले तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटलेली होती. त्याआधी ऐरोलीच्या एका कंपनीत माणसं नेमणं, त्यांच्या रजा, त्यांच्या कुरबुरी हेच माझं काम. कंपनी दुसरीकडे हलली आणि मी कोपरच्या घरी बसले. ओळखीतल्या एकीने सांगितलं, दिव्यात एक बाई वस्त्यांमधल्या मारामाऱ्या थांबवायचं काम करतात, त्यांना ऑफिस सांभाळायला कुणीतरी हवंय.

ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरचे कप थरथरायचे. त्या बाईला सगळे ताई म्हणायचे. माझ्याहून ती लहान, पण मीही ताईच म्हणू लागले, आणि आठवड्याभरात आम्ही अगं-तुगंवर आलो. पहिल्या दिवशी तिने मला एकच गोष्ट सांगितली.

"इथे कोणी मारामारी करून आला, बायकोला मारून आला, तरी 'तू असं का केलंस' असं सुरुवातीलाच विचारायचं नाही. तुझ्यावर काय गुजरलंय, ते आधी विचारायचं. त्याने केलेलं माफ होत नाही. पण माणूस बोलायला लागतो."

काम साधं दिसायचं. कुठल्या गल्लीत धुसफूस चालू आहे हे केंद्रात काम करणाऱ्या आमच्या बायकांना आधी कळायचं. त्या दोन्ही घरी जाऊन बसायच्या. पाण्यावरून, पार्किंगवरून, पोरीवरून, कशावरूनही वाजायचं. बहुतेकदा नुसतं बसल्यानेच निवळायचं.

माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. बसून येणाऱ्या या बायका आतून पोखरत चालल्या होत्या. त्यातली एक लग्नानंतर बरीच वर्षं मार खाऊन बाहेर पडलेली. कुणी दार जोरात आपटलं की ती जिथे असेल तिथे भिंतीला टेकून उभी राहायची. केंद्राच्या विश्वस्तांमधले एक सद्गृहस्थ म्हणाले, हिला कमी करा, हिच्याकडून काम होणार नाही. ताई शांतपणे म्हणाली, "सर, हिला घालवलं तर आपण बाहेर जाऊन लोकांना काय सांगणार?"

मग आम्ही आधी ऑफिसच बदलायला घेतलं. कुणी एकटीने जायचं नाही. मोठ्या भांडणातून आलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी घरी राहायचं, कारण सांगायचं नाही. सोमवारी सगळ्यांनी गोल बसायचं, ज्याला बोलायचं त्याने बोलायचं, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. दारं आपटू नयेत म्हणून त्यांना रबर लावून घेतलं. विश्वस्तांना हे लाड वाटले. पण त्या वर्षी एकही बाई काम सोडून गेली नाही.

ताईच्या भावाबद्दल मला कळलं ते टँकरवरून झालेल्या एका भांडणानंतर. उन्हाळा होता, दोन चाळींतले लोक हंडे घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले होते. ताई मध्ये जाऊन उभी राहिली आणि भांडण मिटेपर्यंत हलली नाही. परतताना जिन्यात ती एकदम खाली बसली.

"माझा भाऊ असाच गेला," ती म्हणाली. "आम्ही तेव्हा इथेच राहायचो. टँकर आलेला, रांगेवरून बोलाचाली झाली, एकाने सळई घातली डोक्यात. मारणाराही त्याच्याच वयाचा. आई धावत गेली तेव्हा रस्ताभर पाणीच पाणी झालेलं."

त्यानंतर आई ताईला घेऊन कळव्याला माहेरच्या चाळीत परत गेली आणि पुन्हा कधी दिव्यात आली नाही. ताई मात्र नोकरी सोडून इथेच काम करायला आली. आईला ते आवडलं नव्हतं, तरी ती रोज सकाळी डबा भरून द्यायची.

तुरुंगातून सुटल्यावर भावाला मारणारा तो माणूस केंद्रात आला. मी दारातच होते. पस्तिशीतला, केस पिकायला लागलेले. त्याने आपलं नाव सांगितलं आणि म्हणाला, "मॅडम, ताईंना माझं नाव सांगा. त्यांनी जा म्हटलं तर मी जाईन."

ताई आतल्या खोलीत होती. नाव ऐकून तिने हातातला पेन खाली ठेवला. मग तिने त्याला आत बोलावलं.

त्याला आमच्याबरोबर काम करायचं होतं. "पोरं माझं ऐकतील," तो म्हणाला. "मी काय केलंय ते त्यांना माहितीये."

ताईने लगेच हो म्हटलं नाही. सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर विषय मांडला. दोघीजणी म्हणाल्या, तो आला तर आम्ही येणार नाही, आणि त्या खरंच गेल्या. ताईने त्यांना अडवलं नाही. मला म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. माझंही बरोबर असेल बहुतेक. आता आईला सांगायला पाहिजे."

संध्याकाळी ती कळव्याला घरी गेली. काय झालं ते तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आई भाकऱ्या करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "तुझं काम मोठं आहे. मला एकच मुलगा होता."

त्यानंतर आई ताईशी बोलली नाही. ताई दिव्यात खोली घेऊन राहू लागली.

तो मात्र केंद्रात रुजू झाला आणि चांगलं काम करू लागला. कुठे पोरांचे दोन गट समोरासमोर आले की तो मध्ये जायचा आणि दोन्ही हात उघडे, सगळ्यांना दिसतील असे धरून उभा राहायचा. ओरडायचा नाही. एकदा क्रिकेटच्या मैदानावर एक पोरगा स्टंप उचलून धावला, तेव्हा तो म्हणाला, "मार भाई. पण आधी ऐक. मी एकाला मारलेला. तो पडला ना, तेव्हा त्याने माझ्याकडेच बघितलं. अजून बघतोय." पोराने स्टंप टाकला. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. कुणासाठी ते सांगता येणार नाही.

ताई दर रविवारी आईकडे जायची. आई दार उघडायची, ताट वाढायची, तोंडातून शब्द नाही. एकदा मी बरोबर गेले. स्वच्छ, छोटीशी खोली. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली मुलाचा फोटो. आई माझ्याशी छान बोलली, कोपरला पाणी येतं का विचारलं. जेवायला बसल्यावर मलाच म्हणाली, "तिला सांगा, मीठ कमी असेल तर बरणी मागे आहे." ताई माझ्या शेजारी, आईपासून हातभर अंतरावर बसली होती. तिने मागे वळून बरणी घेतली.

ताटं उचलताना आई पुन्हा माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही लोक त्याला विचारता ना, तुझ्यावर काय गुजरलं? मला कोणी विचारलं? पोलिसांनी विचारलं, किती वाजले होते. वकिलाने विचारलं, तुम्ही स्वतः बघितलं का. बस."

ताई उभी राहिली. "आई, मी विचारते. सांग मला."

आईने भांडी मोरीत ठेवली आणि नळ सोडला.

त्या महिन्यात केंद्राचं काम पुन्हा बदललं. ज्यांच्या घरातलं माणूस मारामारीत गेलं, अशा घरी आम्ही जाऊ लागलो. नुसतं ऐकायला. पुढे कळव्यात एका शाळेच्या खोलीत अशा आयांची बैठक सुरू झाली. कुणी मुलाच्या चपलांबद्दल बोलायची, कुणी त्याला काय आवडायचं ते सांगायची. एक बाई पहिल्या खेपेला नुसती बसून गेली आणि पुढच्या वेळी सुनेला घेऊन आली. शाळा ताईच्या आईच्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे होती. ताई दर वेळी दाराजवळची एक खुर्ची रिकामी ठेवायची. आई कधीच आली नाही.

मग आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळव्याच्या हॉस्पिटलात ताई रात्रंदिवस तिच्या उशाशी असायची. मी डबा घेऊन जायचे. एका दुपारी ती मला बाहेर पॅसेजमध्ये म्हणाली, "आधी मला माहीत होतं की ती बोलत नाहीये. आता ती बोलत नाहीये की बोलू शकत नाहीये, हे मला कळायचा रस्ताच राहिला नाही गं."

पुढच्या दिवसांत ताईने आईला भावाच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी तो खाडीत पोहायचा, आईचा मार चुकवायला शेजारच्या माळ्यावर लपायचा. आई छताकडे बघत राहायची. एकदा ताईने तिचा चांगला हात हातात घेतला. थोड्या वेळाने तो हात ताईच्या हातात नव्हता. "काढून घेतला की निसटला," ताई म्हणाली, "मला समजलं नाही. मी परत धरला नाही."

चार दिवसांनी आई गेली.

केंद्रातून त्याने मला फोन केला. "मॅडम, मी येऊ का? लांब उभा राहीन." मी ताईला विचारलं. पांढरी साडी नेसून ती आईच्या पायाशी बसली होती. "नको," ती म्हणाली. "इथे तरी आईच्या मनासारखं होऊ दे." मी त्याला तसं सांगितलं. तो फक्त "बरोबर आहे" म्हणाला. त्या दिवशी त्याने एकट्याने केंद्र उघडून ठेवलं. कळव्याला त्रिशरण-पंचशील झालं, अंत्ययात्रा निघाली, आणि ज्यांची मुलं गेली होती त्या बैठकीतल्या बायका रांगेने ताईच्या मागे चालल्या. ताई रडली नाही. त्या रडल्या.

ती कामावर परत आली ती एका सोमवारी. गोलात तिची पाळी आली तेव्हा तिने तोंड उघडलं आणि मिटलं. अखेर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मला रजा दे. किती दिवस ते विचारू नकोस."

तेव्हापासून ती कळव्याच्या त्या खोलीत राहते. दिव्याचं काम मी आणि बाकीचे रेटतोय. आयांच्या बैठकीला ती येत नाही. अधूनमधून मी तिच्याकडे जाते. गेल्या वेळी ती खिडकीत मेथी निवडत बसली होती. मी बसले आणि तिच्याबरोबर निवडू लागले. मग तिने त्याचं नाव घेऊन विचारलं, "तो कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हटलं. "तुझी चौकशी करतो."

मेथीच्या काड्या बाजूला सारत ती म्हणाली, "त्याला घेणं चूक नव्हतं. अजूनही तेच वाटतं मला. पण आई नाही ना आता, हे सांगू कुणाला?"

निवडलेली मेथी मी पातेल्यात टाकली आणि ताई ती धुवायला उठली.