टेकडीवरचा मॉसथ्वेट

सकाळी पावणेआठला इचिकावा स्टेशनात शिरलो तेव्हा पिशवीत एवढं सामान होतं: रहिवासी कार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स, त्या हरवल्या तर तिसरी, भाषापरीक्षेचं सर्टिफिकेट, चार चपात्या, छत्री आणि एका इंग्रज माणसाची चिठ्ठी. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण जपानात येऊन सात वर्षं झाली, इथे माझं एकदाही काही बिनसलेलं नाही. म्हणजे आता बिनसणारच. छत्री त्यासाठी.

मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. फलटणच्या शाळेत आमच्या तुकडीत सात पवार होते आणि मास्तर आम्हाला नंबराने हाक मारायचे. मी सहावा. मी यायचा बंद झालो तेव्हा वर्गाला काही उणं वाटलं असेल असं नाही. पुढे लग्नाच्या पंगती, धाबे, मुंबईची हॉटेलं करत करत इचिकावात आलो. आमच्या हॉटेलच्या पाटीवर ताजमहाल आहे, मालक नेपाळी, जेवण पंजाबी, आचारी फलटणचा. जपानी लोक जेवतात आणि म्हणतात, वा, अस्सल. मी वाकून आभार मानतो. भाकरी देणाऱ्याशी वाद घालू नये एवढं नववीपर्यंत शिकवतात.

ज्याची चिठ्ठी पिशवीत होती ते मॉसथ्वेट गुरुजी. वय पंचाहत्तर. तरुणपणी इंग्रजी शिकवायला जपानात आले, इथेच लग्न केलं, बायको गेली, मूलबाळ नाही. कोमिंकानमध्ये (वस्तीच्या सभागृहात) दर मंगळवारी आमच्यासारख्यांना फुकट जपानी शिकवतात. जपानात जपानी शिकवायला इंग्रज, आणि शिकणारा मराठी आचारी. त्या खोलीत जपानी म्हणावी अशी गोष्ट एक फळा होता. पण त्यांच्याकडे यायच्या आधी मला औषधाच्या पुडीवरचं अक्षर वाचता येत नव्हतं. आता येतं. यावर मला विनोद सुचत नाही.

गुरुजींना एकच व्यसन, त्यांचं आडनाव. मॉसथ्वेट. उत्तर इंग्लंडात हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी झाडं तोडून जमिनीचे तुकडे मोकळे केले. त्यांच्या बोलीत अशा तुकड्याला 'थ्वेट' म्हणत. 'मॉस' म्हणजे तिकडची दलदल. दलदलीजवळच्या मोकळ्या तुकड्यावर राहतो तो मॉसथ्वेट.

"म्हणजे आमच्याकडचा चिखलीकर," मी म्हणालो.

गुरुजींनी खुशीत ते वहीत उतरवलं आणि विचारलं, "चिखलीकर किती असतील तुमच्याकडे?"

"पुष्कळ. चिखल्याच पुष्कळ आहेत ना."

त्यांचा चेहरा पडला. मॉसथ्वेट नावाचं गाव आता उरलेलंच नाही, तिथे मेंढ्या चरतात. आणि माणसं? तरुणपणी त्यांनी इंग्लंडातल्या सगळ्या टेलिफोन डिरेक्टऱ्या उलटून प्रत्येक मॉसथ्वेटला पत्र लिहिलं. एकाचं उत्तर आलं: तुम्ही काय विकता? आता कॉम्प्युटरवर शोधलं तरी जगातले सगळे मॉसथ्वेट आमच्या हॉटेलच्या खुर्च्यांवर मावतील, आणि मालक उरलेल्या खुर्च्यांबद्दल कुरकुर करील.

जपानात मात्र त्यांना अजून एक सापडला होता. योकोहामाच्या टेकडीवर, परदेशी माणसांच्या एका लहानशा जुन्या दफनभूमीत, आगबोटीवरचा कोणी इंजिनवाला मॉसथ्वेट. नातं काय, माहीत नाही. "इतक्या कमी लोकांचं नाव आहे," गुरुजी म्हणायचे, "की जो असेल तो आमचाच." रस्त्यात पवार भेटला म्हणून मी आजवर चहासुद्धा पाजलेला नाही. गुरुजी मात्र दर वसंतात तिथे फुलं घेऊन जात. गेली दोन वर्षं गुडघ्याने जाऊ दिलं नाही. आता गुडघा कापून नवा बसवला आहे आणि ते इस्पितळात आहेत.

घोटाळा देवधर वहिनींनी शोधला. वहिनी पुण्याच्या, नवऱ्याच्या मागून इथे आल्या, आमच्याच वर्गात भाषा शिकल्या आणि आता योकोहामात नोकरी करतात. गुरुजींनी त्यांना फुलं ठेवायला सांगितलं. त्या गेल्या तर दगडासमोर पाटी रोवलेली. या थडग्याची काळजी घेणारं कोणी दिसत नाही. ज्यांचा संबंध असेल त्यांनी वर्षाच्या आत कचेरीत यावं. नाहीतर दगड हलवण्यात येईल आणि अस्थी बिनवारशांच्या सामायिक जागेत जातील. हे सगळं अतिशय नम्र भाषेत. इथे माणसाला जगातून पुसायचं असेल तरी आधी माफी मागतात.

वर्ष या महिनाअखेर संपत होतं. कचेरीचा फोनवर एकच धोशा, प्रत्यक्ष या. महिन्यात माझी हीच एक सुट्टी उरली होती.

"तुम्हीच का नाही जात?" मी वहिनींना गाडीत विचारलं. आम्ही एकाच डब्यात होतो. इचिकावाहून योकोहामाला न बदलता जाणारी गाडी मिळते.

"पवार दादा, कचेरी उघडते तेव्हा माझं ऑफिस उघडतं. आणि आमच्या साहेबांकडे सुट्टी मागितली की ते नाही म्हणत नाहीत. नुसता दातातून श्वास आत ओढतात. तो आवाज ऐकण्यापेक्षा राजीनामा परवडतो."

"पण मला बोलायला जमेल का?"

"नाही जमणार," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्ही घाबरलात की फार खरे दिसता. हांको घेतलात ना?"

हांको म्हणजे नावाचा शिक्का. सही करायच्या ठिकाणी इथे लाल शाईत तो उठवायची पद्धत. मी घेतला नव्हता. आठवडाभर तयारी करून ज्याची तिसरी झेरॉक्स काढली नव्हती अशी ती एकच वस्तू.

योकोहामा स्टेशनजवळ शंभर येनच्या दुकानात शिक्क्यांचा फिरता स्टँड असतो. जपानी आडनावं ओळीने टांगलेली, आपल्याकडे जत्रेत कंगवे असतात तशी. ज्याचं आडनाव स्टँडवर, तो समाजात बसला. अर्ज गुरुजींसाठी, म्हणजे शिक्काही त्यांच्याच नावाचा, असं धरून मी तो दोनदा फिरवला. मॉसथ्वेट नव्हता. गल्लीतल्या शिक्केवाल्या म्हातारीकडे गेलो. तिने चिठ्ठीवरचं नाव भिंगातून पाहिलं.

"लांब आहे."

"हाय," मी म्हणालो. हाय म्हणजे हो जी.

"दोन ओळीत बसवावं लागेल. असं आडनाव पहिल्यांदा करतेय. तुमचं का?"

"हाय," मी म्हणालो. स्वयंपाकघरात मालक जे जे बोलतो त्याला सात वर्षं हेच उत्तर दिलेलं आहे. ते तोंडातून निघतं, मला विचारून निघत नाही.

तासाभराने शिक्का मिळाला. तोवर कोनबिनीतून (चोवीस तास उघडं असणारं दुकान) ओनिगिरी घेतली, म्हणजे शेवाळात गुंडाळलेला भाताचा त्रिकोण. मी उलगडली तेव्हा शेवाळ प्लास्टिकबरोबर गेलं, भात हातात आला आणि भाताच्या पोटात मासळीची अंडी निघाली. माळकरी बाप फोटोतून बघत असेल असं वाटून ती हळूच चपातीत दडवली आणि खाल्ली. अन्न टाकवत नाही.

छोट्या गाडीने टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. चढ असा की जिवंत माणूस वर पोचेपर्यंत अर्धा तिथला रहिवासी होतो. वरून बंदर दिसतं, उंट मान वर करून उभे असावेत तशा क्रेना दिसतात. मॉसथ्वेट शेवटच्या ओळीत होता. दगड कललेला, अक्षरांत शेवाळ. पाटी मात्र झकास, सरळ. मी नळावरून बादली आणली, दगड धुतला, आमच्याकडे तुळशीवृंदावन घासतात तसा. नाव वर आलं. इंग्रजीत होतं, तरी एकेक अक्षर लावून वाचलं. मग पिशवीतली एक चपाती समोर ठेवली आणि हात जोडले. परधर्माच्या माणसाला काय चालतं ते विचारायला कुणी नव्हतं.

कचेरीत एक तरुण कारकून होता. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, अर्ज दिला. थडग्याचा नंबर कोणता?

"हाय," मी म्हणालो आणि नंबर दाखवला.

"मॉसथ्वेट-सामा?" त्याने विचारलं. सामा म्हणजे साहेब, 'सान'पेक्षा मोठा मान.

"हाय."

"फार बरं झालं आलात. वर्षभर वाट पाहत होतो. इथे शिक्का उठवा."

मी शिक्का शाईत बुडवला आणि अर्जदाराच्या चौकोनात उठवला. काय सुरेख उठला! लाल, गोल, दोन ओळींत. कारकून माझं कार्ड घेऊन आत झेरॉक्स काढायला गेला. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मी काय केलंय. सरकारी कागदावर पवाराने मॉसथ्वेट म्हणून शिक्का मारला आहे. म्हणजे कार्ड रद्द. म्हणजे विमान. म्हणजे फलटणच्या स्टँडवर उतरलो आहे, अख्खं गाव विचारतंय काय झालं, आणि मी सांगतोय की मी इंग्रज झालो होतो.

कारकून बाहेर आला. कार्ड दोन हातांनी धरलेलं.

"पवार-सान," तो फार हळू म्हणाला.

मी पिशवीच टेबलावर उपडी केली. चिठ्ठी, झेरॉक्स, भाषापरीक्षेचं सर्टिफिकेट, उरलेल्या चपात्या. "मी खोटा नाही," एवढं वाक्य मी सात-आठ वेळा म्हणालो असेन. त्याने आतून एका वयस्क साहेबांना बोलावलं. साहेबांनी चिठ्ठी वाचली. दातातून श्वास आत ओढला. वहिनी बरोबर होत्या, राजीनामा परवडतो.

"हे गृहस्थ मृताचे नातेवाईक आहेत याचा कागद?"

"नाही. फक्त नाव तेच आहे. जगात थोडेच आहेत."

"आणि तुमचा यांच्याशी संबंध?"

यावर पाठ केलेलं एकही वाक्य बसेना. जे तोंडाला आलं ते तोडक्यामोडक्यात सांगितलं. मला वाचता येत नव्हतं. शाळा सोडली होती. इथे मुलगी तापली होती तेव्हा औषध किती द्यायचं ते कळलं नाही, पुडी घेऊन रस्त्यावर उभा होतो. गुरुजींनी शिकवलं. पैसे घेतले नाहीत. मी त्यांना दर मंगळवारी बिनलसणाचं वरण नेतो. त्यांना आता चालता येत नाही. त्यांना वाटतं, हा दगड गेला की इथे आपलं कुणी नाही.

साहेबांनी माझ्या चपात्या दोन हातांनी बाजूला सरकवल्या. मग त्यांनी पाटीवरचा शब्द कागदावर लिहून माझ्याकडे वळवला. एन्कोशा. "रक्ताचं नातं असंच याचा अर्थ नाही," ते म्हणाले. "ज्याचा काही ऋणानुबंध आहे तो," असं मराठीत त्याचं भाषांतर मी केलं, त्यांनी फक्त दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफून दाखवली. थडग्याची काळजी घेईन असं लिहून देणारा कोणीतरी हवा. पहिलं नाव इंग्रज गृहस्थांचं, आणि ते येऊ शकत नाहीत तोवर दुसरं माझं. दर हिगानला (आपल्या पितृपक्षासारखा, पण वर्षातून दोनदा येणारा आठवडा) येऊन झाडलोट करायची. येणार?

"हाय," मी म्हणालो. त्या दिवसातला हा पहिला, जो विचार करून म्हटला.

नवा अर्ज आला. मी शिक्का पुढे केला. कारकून म्हणाला, "हांको नको. परदेशी लोकांची सही चालते."

एका तासाची म्हातारीची मेहनत मी खिशात घातली आणि सही केली. गुरुजींनी शिकवलेल्या अक्षरांत: पा, वा, रु (जपानीत शेवटच्या 'र'चा 'रु' होतो). माझ्या डोळ्यांदेखत दफनभूमीच्या माळ्याने दगडासमोरची पाटी उपटली. मग वाकून मलाच 'त्रास झाला' म्हणून माफी मागितली.

संध्याकाळी इचिकावाच्या इस्पितळात पोचलो. गुरुजी उशांना टेकून बसले होते. मी अर्जाची प्रत दिली. संबंधाच्या रकान्यात कारकुनाने माझ्या वतीने एकच शब्द लिहिला होता: विद्यार्थी. गुरुजींनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. कागद इतका वेळ धरला की परिचारिका येऊन नाडी बघून गेली.

"तुझा 'वा' चुकलाय," अखेर ते म्हणाले. "वरची रेघ जास्त आहे. सरकारी कागदावर माझा विद्यार्थी असं अक्षर काढतो?"

"चुकलं, गुरुजी."

"पुढच्या मंगळवारी नाव पन्नास वेळा लिहून आण. इथे घेईन वर्ग."

मी शिक्का त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो कागदावर उठवून पाहिला, दोन ओळींतलं आपलं नाव पाहून गालात हसले आणि परत दिला. "तूच ठेव. हिगानला बरोबर ने. टेकडीवरच्या त्या मॉसथ्वेटला ओळख पटेल." आता तो आमच्या मसाल्याच्या डब्यात, जिऱ्याच्या वाटीशेजारी असतो.

घरी येताना आमच्या स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानात शिरलो. काम काही नव्हतं. शिक्क्यांचा स्टँड समोर आला, फिरवला. सकाळी दुसऱ्याचं नाव शोधत होतो म्हणून ध्यानात आलं नव्हतं. तीनदा फिरवला. फलटणच्या एका तुकडीत सात होते, इथे एक नाही.

घरी बायको म्हणाली, "कसा झाला प्रवास?" मी म्हणालो, छत्री लागली नाही. मग मुलीची चौकोनांची वही मागून घेतली आणि जेवणाआधी लिहायला बसलो. पन्नास पवार. आमच्या अख्ख्या शाळेतही एवढे नसतील.