कापसाच्या गंजीवरची पोर

महागावाकडच्या आमच्या तांड्यात देवीलालइतकं लेकीवर प्रेम करणारा बाप झाला नाही. हे मी नाही म्हणत, देवीलालच म्हणतो. लेक वर्षा बसती झाली तेव्हापासून दरसाल, शेवटची वेचणी घरात पडली की तो तिला कापसाच्या गंजीवर चढवतो आणि दारात उभा राहून मोबाईलवर फोटो काढतो. मग तांडाभर दाखवत फिरतो. "पोर कशी वाढली, पाहा," म्हणतो आणि बोट ठेवतो गंजीवर. बाराव्या वर्षी ही पोर आठव्या वर्षापेक्षा ठेंगणी दिसते, कारण त्या साली कापूस आढ्याला टेकला होता आणि ती मान मोडून बसली होती. बोंडअळीनं पीक खाल्लं त्या सालचा फोटो मात्र तो न दाखवता हळूच पुढं सरकवतो. त्यात पोर चांगली दिसते.

यंदा वर्षा यवतमाळला नर्सिंग शिकायला गेली. सुट्टी मिळेना. देवीलालनं कापूस विकणंच थांबवलं. होळी गेली. साठलेल्या कापसात कीड झाली आणि सारं घर अंग खाजवत बसलं.

"इकून टाका ना जी," त्याची बायको गंगी म्हणाली. "झोप नाही लागून राह्यली."

"वर्षी आल्याबिगर नाही. इतक्या सालाचं काम मोडू काय? पोरीचा फोटो हाय."

"कायचा फोटो काढता ते मले मालूम हाय."

वर्षाची सुट्टी ठरली. तिला आणायला देवीलाल महागावच्या स्टँडवर गेला. इकडं गंगीनं खेडोपाडी कापूस घेत फिरणाऱ्या रहेमानभाईला बोलावलं, गाडी भरून दिली आणि घर झाडून काढलं.

रिकामी खोली पाहून देवीलाल दारातच बसला. "आता फोटो कायचा काढू?"

"माहा," वर्षा म्हणाली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

त्यानं दारातूनच, सवयीनं गंजीच्या जागेवर मोबाईल धरून काढला. फोटोत नुसती भिंत. दुसरा काढला, तीच भिंत.

"बा, जवळ या."

तो एकेक पाऊल पुढं सरकला. मोबाईलमध्ये लेकीचं तोंड मावलं, तसा थांबला. बराच वेळ पाहत राहिला.

"हा हनुवटीवरचा तीळ कवाचा हाय?"

"जलमाचा," गंगी म्हणाली.